सात नंबरचं टोक

अण्णा रिकाम्या खोलीच्या दारावरसुद्धा टकटक केल्याशिवाय आत जात नसत. कारखान्यातली आमची कॉम्प्युटरची खोली दहा बाय बाराची. तिची एकुलती एक चावी अण्णांच्याच खिशात, त्यामुळे सकाळी आत कुणी असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी हे दाराशी चपला काढायचे, दोनदा टकटक करायचे, क्षणभर थांबायचे आणि मगच कुलपाला चावी लावायचे. मी नवीन होते तेव्हा मला हसू आवरेना. एकदा विचारलंच, तर म्हणाले, "आत कुणी न्हाय म्हून काय झालं, आक्का? रीत ती रीत."

सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणायचा. तेही बायामाणसांत भेदभाव करत नसत. कँटीनमधल्या भांडी घासणाऱ्या बाईपासून साहेबांच्या बायकोपर्यंत सगळ्या त्यांच्या आक्का. मी तेवीस वर्षांची आणि ते पन्नाशी उलटलेले, तरी मलाही आक्का आणि वर 'तुमी'.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा ओतकामाचा कारखाना होता. पंपांचे, इंजिनांचे लोखंडी भाग आम्ही ओतून द्यायचो. शहाऐंशीच्या सुमाराला तिथं कॉम्प्युटर आला. आता खिशात मावतो तसला नव्हे, चांगला कपाटाएवढा. युनिक्सच्या कुळातली कुठलीशी प्रणाली त्यावर चालायची, म्हणजे यंत्र एक आणि त्यावर एकाच वेळी काम करणारी माणसं सात-आठ. त्याच्या पाठीला आठ पोर्ट होते. वापरातल्या प्रत्येक पोर्टातून एक केबल निघायची आणि कारखान्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या टर्मिनलपर्यंत जायची. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, डोकं सगळं कपाटात. अण्णा पोर्टाला 'घर' म्हणायचे. "चार नंबरच्या घरात आज कुरकुर हाय," असं ते म्हणाले की समजायचं, स्टोअरमधल्या टर्मिनलवर अक्षरं उलटसुलट उमटतायत.

अण्णांकडे पदवी नव्हती, डिप्लोमा नव्हता, मॅट्रिकही झाले होते की नाही देव जाणे. घराणं वडगावच्या विणकरांचं. आसपासच्या यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करता करता कारखान्यात वायरमन म्हणून लागले आणि बरीच वर्षं मागच्या यार्डात जळालेल्या मोटारी बांधत होते. कॉम्प्युटर आला तेव्हा बेंगळूरचे इंजिनिअर म्हणाले, एवढ्या मोठ्या आवारात केबल टाकायला वीस दिवस लागतील. अण्णांनी नऊ दिवसांत टाकल्या, त्याही एकट्यानं. दर वीतभर अंतरावर सुती दोऱ्याची गाठ, आणि सगळ्या गाठी एकाच बाजूला. इंजिनिअर मंडळी त्या गाठींना हात लावून बघत राहिली. तेव्हापासून साहेबांनी अण्णांना कॉम्प्युटर विभागात घेतलं. यार्डातून निघताना त्यांनी कामाचे कपडे धुऊन, घडी घालून परत केले होते म्हणे.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. आमच्या बौद्धवाड्यात डिप्लोमापर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी. मुलाखतीत साहेबांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि साहेब "अच्छा, अच्छा" असं दोनदा म्हणाले. त्या दोन अच्छांचा अर्थ मला चांगला कळत होता. अण्णांनी पहिल्या दिवशी वेगळंच विचारलं. "घरात काम कसलं चालतंय?" मी वखारीचं सांगितलं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. "म्हंजे बोटं चांगली असणार," असं म्हणून एक पंचवीस खिळ्यांचा प्लग आणि डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, इस्त्री माझ्यापुढे सरकवली. मी पंचवीस तारा जोडून दाखवल्या. त्यांनी एकेक ओढून बघितली, एकही सुटली नाही. अण्णांच्या लेखी माझी मुलाखत तेव्हा झाली.

त्यांच्या तऱ्हा एक-दोन नव्हत्या. कंपनीनं दिलेलं मीटर त्यांनी टेबलाच्या खणात कायमचं ठेवून दिलं होतं. चष्म्याच्या डबीत दोन सेल, एक छोटा बल्ब आणि हातभर तार, हे त्यांचं हत्यार. म्हणायचे, "मीटर आकडा सांगतंय. बल्ब नुसतं हाय का न्हाय तेवडं सांगतोय. मला तेवडंच पायजे." मराठी बोलायचे, पण तारा मोजायला लागले की कानडीवर जायचे, ओंदु, एरडु, मूरु. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बोलायला गल्लीत शिकलो, मोजायला आईकडनं." आणि बिघाड शोधताना त्यांचं एक पालुपद असायचं, "तुटल्यालं दिसतंय, आक्का. सैल झाल्यालं दिसत न्हाय."

या वाक्याचा त्यांच्या घराशी काही संबंध आहे, हे मला एका दसऱ्याला समजलं. मी आपट्याची पानं द्यायला वडगावात त्यांच्याकडे गेले होते. गल्लीभर मागांचा खडखडाट चाललेला असायचा, पण त्या दिवशी सणाची सुट्टी, म्हणून सगळं शांत. अण्णांचं घर मात्र रोजच शांत. बायको जाऊन फार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यावर हातमाग होता. त्यावर साडी नव्हती, नुसते शेकडो धागे लोंबत होते, वीत-दीड वीत लांबीचे, धूळ बसलेले. मला वाटलं, साफ करायचं राहिलं असेल. अण्णा म्हणाले, हात लावू नका.

मग त्यांनी समजावलं. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला तरी विणकर मागातली जुनी टोकं काढत नाही. नवीन ताण्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला गाठ मारून जोडतो आणि ओढून घेतो. टोकं काढून टाकली तर हजारो धागे परत एकेका भोकातून ओवत बसावं लागतं. "टोकं हायत तवर माग जित्ता हाय," ते म्हणाले. "उद्या बी सुरू करता येतंय."

हा 'उद्या' सहा वर्षं लांबला होता. धाकटा भाऊ आणि अण्णा मिळून तो माग चालवत. भावाला यंत्रमाग घालायचे होते, अण्णांना बापाच्या मागाला मोटर लावायची नव्हती. जन्मभर दुसऱ्यांच्या मागांच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस स्वतःच्या घरात मोटर येऊ देईना. शब्दाला शब्द लागला आणि भाऊ बायको-मुलीला घेऊन इचलकरंजीला निघून गेला. ती पुतणी म्हणजे अण्णांचा जीव. "ह्या खड्ड्यात माझ्या पायाशी बसून वाढली ती," असं सांगताना ते खड्ड्याकडेच बघत होते. मी चहा घेऊन निघाले. त्या घरात दोनच कप होते आणि दुसऱ्या कपाची कड कोरी करकरीत होती, हे मला कितीतरी दिवस टोचत राहिलं.

आता कॉम्प्युटरचं. वर्षभर मी मुख्य इमारतीत नव्हतेच. लाकडी साच्यांच्या शेडमध्ये बसून तिथल्या साच्यांची नोंद करायचे. माझं टर्मिनल सात नंबरच्या घराला जोडलेलं. वैशाखात ते काम संपलं आणि साहेबांनी मला टर्मिनलसकट मुख्य इमारतीत बोलावून दुसऱ्या मोकळ्या घराला जोडलं. सातची केबल मात्र अण्णांनी काढली नाही. तिचं कपाटाकडचं टोक पोर्टात तसंच ठेवलं आणि शेडमधलं टोक गुंडाळून, वर धूळ बसू नये म्हणून कापडी पिशवी बांधून खिळ्याला टांगलं. "असू दे. उद्या कुणी बसलं तर जोडायला टोक लागंल," म्हणाले. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

ज्येष्ठ लागला आणि मशीन गोठायला लागलं. काम करता करता सगळ्या टर्मिनलांवरचा लुकलुकणारा चौकोन एकदम थांबायचा. कीबोर्ड बडवा, हाका मारा, काही नाही. शेवटी बटण बंद करून परत सुरू करायचं, आणि तोवर सगळ्यांनी टाइप केलेलं पाण्यात. कधी आठवड्यातून एकदा, कधी दिवसातून दोनदा. स्टोअरवाले बोंबलायचे, डिस्पॅचवाले बोंबलायचे. बेंगळूरचा इंजिनिअर येऊन एक कार्ड बदलून गेला, तो गेल्यावर तासाभरात मशीन गोठलं. आम्ही त्याला निरोपाचा चहा पाजला होता, तो फुकट गेला असं कुणीतरी म्हणालं.

अण्णांनी वही घातली. तारीख, वेळ, काय झालं, कारण, कुणी शोधलं, असे रकाने आखले. पहिले तीन रकाने भरत गेले, शेवटचे दोन कोरे. मग त्यांनी एकेक घर तपासायला घेतलं. एका टर्मिनलची केबल आठवडाभर काढून ठेवायची आणि बघायचं. अशी त्यांनी माणसं बसत होती ती सहाच्या सहा घरं तपासली. आठव्याला केबलच नव्हती आणि सातमध्ये कुणी बसत नव्हतं, म्हणून ते मोजलंच नाही. शिवाय जुनं टोक उपसायचं नसतं, हे त्यांच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. चूक अशी हातातच असली की डोळ्यांना दिसत नाही.

श्रावणातल्या एका दुपारी मशीन एकदम न गोठता आधी रांगायला लागलं. मी पडद्यासमोरच होते. आत कोण कोण काम करतंय याची यादी मागायचा हुकूम टाइप केला. मिनिटभरानं एकेक ओळ उमटायला लागली आणि माझे डोळे विस्फारले. जिथं तिथं सात नंबर. जिथं कुणीच बसत नव्हतं, तिथं यंत्र जीव तोडून काम करत होतं.

विचार केल्यावर उलगडलं. असली मशीन प्रत्येक घराच्या दाराशी एक प्रश्न टांगून ठेवतात, तुमचं नाव काय? आणि उत्तराची वाट बघतात. सातची केबल लांबलचक, भट्टीच्या तारांच्या अंगावरून गेलेली. दुपारी भट्टी सुरू झाली की मोकळ्या टोकात काहीतरी खरखर व्हायची. मशीनला वाटायचं कुणी नाव सांगितलं. ते पुढचा प्रश्न विचारायचं. तो प्रश्न शेजारच्या तारेतून परत त्याच्याच कानावर यायचा आणि त्याला वाटायचं उत्तर आलं. मग परत प्रश्न, परत तेच. विहिरीत हाक मारावी आणि आपल्याच आवाजाशी भांडत बसावं, तसं. त्या भांडणात त्याची सगळी ताकद जायची आणि बाकीची सहा माणसं ताटकळत बसायची.

मी आनंदानं उठले आणि अण्णांना सांगायला धावले. ते साहेबांच्या केबिनमध्ये उभे होते. दार उघडं होतं.

साहेब म्हणत होते, "हे असं चालणार नाही अण्णा. बेंगळूरवाले म्हणतात, केबल त्यांनी टाकलेल्या नाहीत, त्यातच दोष असणार. सगळ्या उपसून नव्या टाकू म्हणतात."

अण्णा ताठ उभे होते. "साहेब, समद्या तारा माज्या हातच्या हायत. माज्या तारेत दोष निघाला तर मी आपण होऊन यार्डात जातो, मोटारी बांधतो. आनि दोष घावेस्तवर मला रजा न्हाय, सुट्टी न्हाय. शब्द हाय माजा."

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "बघू."

मी दारातूनच परत फिरले. अण्णा शब्दाचे किती पक्के आहेत ते मला माहीत होतं. मी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते यार्डात दिसले असते. त्या खोलीबाहेर त्यांना दुसरं काय होतं? मी जागेवर येऊन बसले. कुठल्या घरावर लक्ष ठेवायचं आणि कुठल्या नाही, याची एक यादी मशीनच्या पोटात असते. तिच्या सातव्या ओळीत मी 'चालू'चं 'बंद' केलं. अर्ध्या मिनिटाचं काम. अण्णा तारांचे राजे, पण मशीनच्या पोटातलं हे लिखाण त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांना ते कधीही सापडणार नव्हतं. मला वाटलं, मी पुण्य केलं.

मशीन परत कधी गोठलं नाही. सगळा कारखाना खूश, अण्णा सोडून. वहीत रोज एक ओळ पडायला लागली, "आज बंद पडलं नाही." पंधरा दिवस, महिना, दोन महिने. अण्णांचा चेहरा उतरत चालला. ते रविवारीही यायला लागले. डबा मशीनशेजारी बसून खायचे. दुपारी भट्टी सुरू व्हायच्या वेळी केबलींच्या जुडग्यावर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे.

"अण्णा, गेला ना आता दोष?" मी म्हणायचे. "सोडा की."

"आपण हाकलल्याबिगर गेल्यालं हाय ते," ते म्हणायचे. "रुसून गेल्यालं माणूस आनि असला दोष, न सांगता जातंय आनि न सांगता परत येतंय."

मार्गशीर्षात इचलकरंजीहून लग्नाची पत्रिका आली. पुतणीचं लग्न. चारी कोपऱ्यांना हळद लावलेली आणि खाली पेनानं भावाच्या हातची एक ओळ, "अण्णा, तू आल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत. ये." सहा वर्षांतलं भावाचं हे पहिलं अक्षर. अण्णांनी ती पत्रिका मला एका दिवसात तीनदा दाखवली. तिन्ही वेळा ती ओळ बोटानं दाखवली, मी वाचलीच नसेन असं समजून.

"मग कधी निघताय?" मी विचारलं.

अण्णांनी पत्रिका वहीत ठेवली. "कसं जायाचं? शब्द दिलाय साहेबास्नी. दोष घावल्यालं न्हाय."

"अहो, चार महिने झाले! मशीन बंद पडत नाही. साहेब तर विसरूनही गेलेत. एका दिवसाचा प्रश्न, सकाळी जाऊन संध्याकाळी परत याल."

"मी न्हाय न्हवं इसरलो." मग ते माझ्याकडे वळले. मशीनच्या आतलं मला कळतं हे त्यांना ठाऊक होतं आणि या बाबतीत त्यांचा माझ्यावर पुरता विश्वास होता. "का बंद पडत न्हाय तेवडं सांगा, आक्का. लगीच जातो."

त्या वेळी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं, जिभेवर आलं होतं. पण चार महिने लपवलं हेही त्याच वाक्यात सांगावं लागलं असतं. श्रावणात मी गप्प बसले ती त्यांच्यासाठी, असं मी मनाला समजावू शकते. त्या दिवशी गप्प बसले ती स्वतःसाठी. मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

"मला नाही सांगता येत," मी म्हणाले.

"बगा," अण्णा म्हणाले, जणू माझ्यापेक्षा त्यांचंच म्हणणं खरं ठरलं.

साडी त्यांनी माझ्याबरोबर पाठवली. मी शनिवारी निपाणीला घरी जाणारच होते, तिथून इचलकरंजी फार लांब नव्हे. शहापुरी साडी, शेजारच्या विणकराकडून निवडून घेतलेली. पूर्ण उलगडून तिच्यावरून त्यांनी बोटं फिरवली होती, आधी उभी, मग आडवी. रविवारी राज्याच्या सीमेवर कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबली आणि पोलीस पिशवीत काठी घालून म्हणाला, "काय हाय ह्यात?" मी म्हणाले, लग्नाची साडी. "तुमच्या?" त्यानं विचारलं आणि गाडीतले सगळे हसले.

मांडवाच्या दारात फेटा बांधलेला एक माणूस उभा होता. चेहरेपट्टीवरून ओळख सांगायची गरज नव्हती. मी बेळगावहून आले म्हटल्यावर तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागला.

"अण्णा मागनं येतोय व्हय?"

"कारखान्यात काम निघालं," मी म्हणाले. "साडी दिली आहे."

त्यानं पिशवी घेतली, पण जागचा हलला नाही. आतून भटजींचा माणूस दोनदा येऊन गेला. मुहूर्त टळतोय म्हणाला. "एक यष्टी बगू द्या," हा म्हणाला. एक गाडी आली, माणसं उतरली, पांगली. आत वाजंत्री थांबलेली. पाव्हणे माना वळवून दाराकडे बघायला लागले. "अजून एक," हा म्हणाला. तीही आली. तिच्यातून दोन बाया आणि कांद्याचं पोतं उतरलं. मग तो आत गेला आणि मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता टाकताना माझा हात वर जाईना.

पुतणी अंगानं बारीक, डोळे अण्णांसारखे. जेवणाच्या आधी तिनं ती साडी उलगडली आणि तिच्यावरून बोटं फिरवली, आधी उभी, मग आडवी. "मोठं आप्पा आलंच न्हाईत," काकाबद्दल एवढंच म्हणाली. तिनं माझ्या पानात आग्रहानं आणखी एक पोळी वाढली.

निघताना तिचा बाप मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मला वाटलं रागावेल. तसं काही नाही. "त्येला सांगा," तो म्हणाला, "मी दोन गाड्या बगितल्या. तिसरी न्हाय आता बगणार."

सोमवारी अण्णा माझ्या आधी येऊन बसले होते. किती माणसं होती, जेवायला काय होतं, जावई कसा आहे, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं आणि शेवटी भावाचा निरोपही सांगितला. अण्णांनी मान हलवली. "बराबर हाय त्येचं. लई सोसलंय त्यानं," म्हणाले आणि वही पुढे ओढून त्या दिवसाची ओळ लिहायला लागले, "आज बंद..."

मला ते बघवेना. "अण्णा," मी म्हणाले, "दोष सापडलाय. सात नंबर. तुमच्या मोकळ्या टोकामुळं. मी त्याच्यावरचं लक्ष काढून टाकलं, म्हणून बंद पडत नाही."

त्यांना विश्वास बसेना. मी यादीत परत 'चालू' केलं आणि आम्ही दोघं दुपारपर्यंत बसून राहिलो. भट्टी सुरू झाली. थोड्या वेळानं मशीन रांगलं आणि गोठलं.

"हाय! हाय की!" अण्णा उठून उभे राहिले. कपाटामागं जाऊन त्यांनी सातचा प्लग ओढला. पडद्यावरचा चौकोन हलला, स्टोअरमधून कुणीतरी "आलं रे आलं" म्हणून ओरडलं. अण्णा कपाळावर हात मारून पोटभर हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "माजंच टोक! आनि मी जगभर हुडकतोय!" मग त्यांनी मला खोदून खोदून विचारलं, आवाज परत कसा येतो, मशीनला कळत कसं नाही. मी समजावत होते आणि ते मान डोलावत होते. तेवढा पाव तास आम्हां दोघांना बाकी कशाची आठवण नव्हती.

मग त्यांनी वही उघडली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, सात नंबरचं टोक मोकळं सोडलं, आणि पुढे स्वतःचं नाव. कुणी शोधलं, या रकान्यात माझं नाव लिहायला घेतलं आणि अडले. त्यांना माझं आडनाव माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते लिहिलं.

"कवा घावलं?"

"श्रावणात," मी म्हणाले.

पेन थांबलं. पान मागं चाळून ते श्रावणापर्यंत गेले, मग पुढं, पत्रिका ठेवली होती त्या पानापर्यंत. पत्रिका त्यांनी उचलली, खिशात ठेवली आणि परत त्या दिवसाच्या पानावर येऊन तारखेच्या रकान्यात 'श्रावण' लिहिलं. खोलीची चावी टेबलावर ठेवून ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, अहो अण्णा, काय घेऊन बसलात, विसरा ते. अण्णा दुसऱ्या दिवशी यार्डात मोटारी बांधायला बसले.

पुढच्या रविवारी ते इचलकरंजीला जाऊन आले. मी यार्डात जाऊन विचारलं, भेट झाली का?

"झाली की. च्या केला त्यानं. पोरगी सासरी गेलती." मग म्हणाले, "आता सुट्टी मिळाली व्हय, म्हणाला."

मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यार्डात जात राहिले. ते माझ्या डब्यातली भाकरी घ्यायचे, त्यांच्यातली भाजी द्यायचे. मोटारींबद्दल बोलायचे, पावसाबद्दल बोलायचे, आईची चौकशी करायचे. कधी एका शब्दानं टोचलं नाही. हळूहळू मला वाटायला लागलं की ते विसरले. माफ केलं, असंही एखाद्या दिवशी वाटायचं. माणसाला आपल्या सोयीचं वाटायला वेळ लागत नाही.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ते एका पंख्याच्या मोटारीत तांब्याची तार भरत होते आणि मी शेजारी रीळ धरून बसले होते. बोलणं कशाचंच चाललं नव्हतं. खाली मान घालूनच ते म्हणाले, "मी इचारलंतं तुमास्नी, आक्का. पत्रिका आली तवा."

आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. राग नव्हता. माझं काही चुकलं काय, असं विचारावं तसा आवाज होता.

"व्हय अण्णा," मी म्हणाले. "विचारलं होतं."

त्यांनी हात पुढे केला आणि मी आणखी थोडी तार सोडली.